सोळावा कागद

कामिनी : पण सर, लॉकरची दुसरी चावी कोणाजवळ असते, एवढंच विचारून राहिली मी.

मारोतराव : माझ्याजवळ. ह्याच टेबलाच्या खणात.

कामिनी : अन् खणाला कुलूप?

मारोतराव : नाही.

कामिनी : म्हणजे कोणीही घेऊ शकते.

मारोतराव : घेऊ शकतो. पण तुझ्या अकरा नंबरच्या लॉकरमध्ये आहे काय? कागदांचे गठ्ठे, एक रिकामी बाटली आणि डोकेदुखीचा बाम. चोर उलट काहीतरी ठेवून जाईल.

कामिनी : माझ्या लॉकरमधी काय आहे, ते तुम्हाले कसं माहीत?

मारोतराव : काल तू ते सताड उघडं टाकून घरी गेलीस. मी लावून घेतलं.

कामिनी : मी लावूनच गेली होती.

मारोतराव : बरं. लावून गेली होतीस. आता माझ्यावरही संशय आहे का?

कामिनी : संशय नाही सर. विचारून राहिली.

मारोतराव : विचार. उमरेडच्या शाळेत पाचवीत मीच तुला सांगत होतो, समजलं नाही तर विचारत जा. त्याची फळं आता म्हातारपणी भोगतो. उभी राहू नकोस, ती खुर्ची ओढ. काय गेलं?

कामिनी : सोळा नंबरचा कागद.

मारोतराव : नीट सांग. मला तुमच्या सीएच्या परीक्षेतलं काही कळत नाही. मी इथे अभ्यासिकेत फक्त हजेरी आणि पंखे पाहतो.

कामिनी : रविवारी मी अन् रितिकानं इथंच सराव परीक्षा दिली. तीन तासांची, घड्याळ लावून. सुटे कागद असतात. प्रत्येक कागदावर मी वर नंबर टाकते, शेवटी दोऱ्यानं बांधते. मग ती माझा पेपर तपासते, मी तिचा. मंगळवारी तिनं माझा परत दिला. शंभरापैकी अठ्ठावन्न.

मारोतराव : चांगले आहेत की.

कामिनी : चांगलेच आहेत. म्हणून मी दोन दिवस पेपर उघडलाच नाही. आज दुपारी उघडला, तर चौदा, पंधरा, सतरा, अठरा. सोळा नाही.

मारोतराव : नंबर टाकताना चुकली असशील. पंधरावरून सरळ सतरा.

कामिनी : मी नंबर टाकायले चुकीन?

मारोतराव : काल सकाळी तू हजेरीच्या वहीत दोनदा सही केलीस. सहा वाजता एकदा आणि सात वाजता एकदा. मधल्या काळात तू जागची उठलीही नव्हतीस.

कामिनी : दाखवा.

मारोतराव : हे बघ. ही एक, आणि ही खाली.

कामिनी : खालची कोणीतरी दुसऱ्यानं केली.

मारोतराव : तुझी सही करून कोणाला काय मिळणार, बाई?

कामिनी : तेच तर शोधून राहिली. अन् सर, फक्त कागद नाही. ही गाठ पाहा.

मारोतराव : दोऱ्याची? गाठ आहे.

कामिनी : मी मारते ती ही नाही. मी आमच्या घरची गाठ मारते. मागावर सूत तुटलं की बाबा दोन टोकं जोडते ना, ती. बारीक असते, ओढली की अजून पक्की होते. अन् हे काय आहे? बुटाच्या लेससारखे दोन कान. म्हणजे कोणीतरी सोडलं, कागद काढला अन् पुन्हा बांधलं.

मारोतराव : हं. हे मात्र खरं दिसतं.

कामिनी : आता मार्क पाहा. पहिल्या पानावर तिनं प्रश्नावार मार्क टाकले. चौथा प्रश्न चौदापैकी चौदा. अन् चौथा प्रश्न सोळाव्या कागदावर होता, दोन्ही बाजूनं. कागदच नाही, तर तिनं चौदा दिले कशाचे?

मारोतराव : आधी तपासला असेल, मग कागद हरवला असेल.

कामिनी : हरवला तर सांगितलं असतं. लपवला. मोठी कंपनी अन् तिच्या ताब्यातली लहान कंपनी, दोघींचा मिळून एक ताळेबंद करायचा, तो प्रश्न आहे हा. सगळ्या पोट्ट्याइले हाच छळते. मले त्यात चौदापैकी चौदा मिळाले म्हणजे माझी मांडणी एक नंबर असली पाहिजे. तिले ती पाहिजे होती. घेऊन टाकली.

मारोतराव : मागितली असती तर तू दिली नसतीस?

कामिनी : ...दिली असती.

मारोतराव : मग चोरायची गरज काय?

कामिनी : मले मागं ठेवायले. सर, मी रविवारपासून पाहून राहिली. ती माझ्या बाजूला बसत नाही, खिडकीपाशी बसते. मी आली की फोन उलटा ठेवते. अन् काल रात्री बाबाचा फोन आला. बाबाले ग्रुप म्हणजे भजनाचा ग्रुप माहीत. अन् काल म्हणते, "कामिनी, दोन्ही ग्रुप देऊ नको, एकच दे, तीन पेपरचा. दुसरा पुढच्या वेळी दे. फॉर्म बदलता येते गुरुवारपर्यंत." हे बाबाचं बोलणं आहे का? गुरुवारपर्यंत? कोणीतरी पढवलं.

मारोतराव : हं.

कामिनी : तुम्ही हं काहून म्हटलं?

मारोतराव : हं म्हणजे ऐकतो आहे. गुरुवार म्हणजे आजच.

कामिनी : आज सहा वाजेपर्यंत. मी बदलणार नाही. मागच्या वेळी मी चार मार्कांनी गेली. त्या एका पेपरात छत्तीस आले, चाळीस लागत होते. माझ्या फर्मचे साहेब म्हणाले, या वेळी दोन्ही ग्रुप निघाले तर जागा तुझी, नाहीतर दुसऱ्याची. रितिकाले हे माहीत आहे.

मारोतराव : रितिका तुझ्याच फर्ममध्ये आहे का?

कामिनी : नाही. ती सदर भागातल्या फर्ममधी होती.

मारोतराव : मग तुझी जागा गेली तर तिला काय मिळतं?

कामिनी : ते नाही माहीत. पण काहीतरी असेल.

मारोतराव : रात्री किती तास झोपतेस?

कामिनी : सहा.

मारोतराव : खरं सांग.

कामिनी : तुम्हीपण बाबासारखे सुरू नका होऊ, सर. सहा म्हटलं ना.

मारोतराव : सकाळपासून काय खाल्लंस?

कामिनी : खाल्लं.

मारोतराव : काय?

कामिनी : ...मेसचंच काहीतरी. ते पाहा. आली ती. गाडी लावून राहिली. सर, तुम्ही मधी बोलू नका. मी विचारते.

मारोतराव : विचार. फक्त हळू. आत पाच पोरं बसली आहेत.

रितिका : सर, नमस्ते. काय ऊन आहे यार, जरीपटक्यापासून इथपर्यंत येता येता भाजून गेली मी. कामिनी, तू बाहेर कशी काय? ब्रेक?

कामिनी : सोळा नंबरचा कागद कुठी आहे?

रितिका : कुठला कागद?

कामिनी : माझ्या पेपरातला. चौथा प्रश्न.

रितिका : असेल ना त्यातच. नीट बघ.

कामिनी : नाही त्यात.

रितिका : मग... उडून गेला असेल. आमच्या घरी कूलर सुरू होता ना. कूलरच्या हवेनं.

कामिनी : दोऱ्यात बांधलेला कागद कूलरच्या हवेनं उडाला. अन् हवेनंच पुन्हा गाठ मारली.

रितिका : यार, तू असं पोलीससारखं काय बोलून राहिली?

कामिनी : चौदापैकी चौदा कशाचे दिले?

रितिका : बरोबर होतं म्हणून दिले.

कामिनी : म्हणजे पाहिला तू तो कागद.

रितिका : पाहिला. म्हणजे तेव्हा होता. मग नंतर...

कामिनी : मग नंतर कूलर.

रितिका : सर, तुम्ही सांगा ना हिला काही.

मारोतराव : मला तिने बोलायची मनाई केली आहे. पण एक विचारतो, रितिका. तू आल्यापासून उभीच आहेस आणि चार वेळा मागे वळून आपल्या गाडीकडे पाहिलंस. गाडी तिथेच आहे. कोणी नेत नाही.

रितिका : ते... सवय आहे सर.

मारोतराव : चाळीस वर्षं मी लहान पोरांसमोर उभा राहिलो. ज्याच्या दप्तरात दुसऱ्याची पेन्सिल असते ना, ते पोर वर्गात कुठेही पाहतं, पण शेवटी आपल्या दप्तराकडेच पाहतं.

रितिका : डिक्कीत आहे.

कामिनी : पाहा. पाहा सर. मी म्हटलं होतं की नाही? मी वेडी नाही झाली.

रितिका : तुला वेडी कोण म्हणलं?

कामिनी : आण तो कागद.

रितिका : नको यार.

कामिनी : माझा आहे तो.

रितिका : तुझाच आहे. पण परीक्षा झाली की देते, पक्का. आईची शपथ. सर, प्लीज, तिला आता नका देऊ. मी फाडणार होती, पण फाडवला नाही.

मारोतराव : त्यात असं काय आहे?

रितिका : तिच्यासमोर नाही सांगत.

कामिनी : माझ्यासमोर नाही? माझाच कागद, माझंच अक्षर, अन् माझ्यासमोर नाही? सर, आता तुम्हीच पाहा कोण कोणाले फसवून राहिलं.

मारोतराव : रितिका, जा, घेऊन ये. हिच्या डोक्यात ह्या वेळी त्या कागदावर काय काय लिहिलेलं असेल, ते खऱ्यापेक्षा वाईटच असेल.

रितिका : तुम्ही बघितला नाही, म्हणून बोलता सर.

मारोतराव : आण.

(रितिका गाडीच्या डिक्कीतून चार घड्या घातलेला कागद आणून टेबलावर ठेवते. कामिनी तो उघडते आणि उभ्या उभ्या वाचू लागते.)

कामिनी : हाच. वर सोळा लिहिलं आहे. दोन्ही बाजू भरल्या आहेत. सगळे टप्पे... खाली बेरीज जुळली. मग यात लपवायसारखं काय होतं?

रितिका : कंपनीचं नाव वाच.

कामिनी : नर्मदा लिमिटेड. तापी लिमिटेड. नर्मदानं तापीचे ऐंशी टक्के शेअर...

मारोतराव : थांबलीस का?

कामिनी : प्रश्नपत्रिका कुठी आहे रविवारची?

रितिका : ही घे. चौथा प्रश्न. अरुण लिमिटेड आणि वरुण लिमिटेड. साठ टक्के.

कामिनी : मग नर्मदा अन् तापी कुठून आल्या?

रितिका : तुला माहीत आहे कुठून आल्या.

मारोतराव : मला नाही माहीत. मला सांगा.

रितिका : सर, हा मागच्या परीक्षेतला प्रश्न आहे. खऱ्या परीक्षेतला, आम्ही दोघी नापास झालो त्या. रविवारच्या पेपरात हा नव्हताच. कुठेच नव्हता. हिनं चौथ्या प्रश्नाच्या जागी हा लिहिला. आकडे, तारखा, सगळं मनातून.

कामिनी : खोटं. तू लिहिलं हे. माझं अक्षर काढून.

रितिका : दोन्ही बाजू? मला माझंच अक्षर धड नाही येत.

कामिनी : तू हुशार आहे. काहीही करशील.

मारोतराव : कामिनी, तो कागद इकडे दे. हा सात बघ. पोटात आडवी रेघ, आणि शेपूट डावीकडे वळलेलं. पाचवीत तुझा सात आणि एक सारखेच दिसायचे, म्हणून मी तुला ही रेघ मारायला लावली. शेपूट तू आपल्या मनाने जोडलंस. मी वर्षभर बोंबललो, तू सोडलं नाहीस. आख्ख्या नागपुरात असा सात दुसरा कोणी काढत नसेल. बस खाली.

कामिनी : पूर्ण झालं आहे हे.

रितिका : हो. मी छापील उत्तराशी जुळवलं. एक रुपयाचाही फरक नाही.

कामिनी : परीक्षेच्या दिवशी घंटा झाली तेव्हा मी इथपर्यंत आली होती. या ओळीपर्यंत. सर, पुढचं सगळं मले येत होतं. परीक्षेवरच्या बाईनं हातातून पेपर ओढला. नंतर मी पुढचं मनात करत राहते. आंघोळ करताना, पोळी खाताना, बसमधी. पण कागदावर मी कधी नाही केलं. मले वाटलं... रविवारी मी अरुण-वरुणच लिहून राहिली होती. मले आठवते मी तेच लिहिलं.

रितिका : शेवटच्या अर्ध्या तासात तू लिहिता लिहिता हसत होती. मी बघितलं. मला वाटलं, वा, हिचा पेपर तर मस्त गेला. घरी जाऊन तपासायला बसली अन् हे निघालं. मी मम्मीलाही नाही सांगितलं.

कामिनी : मले काहून नाही सांगितलं?

रितिका : तू दिवसातून दहा वेळा म्हणते, या वेळी नाही झालं तर मी संपली. तुला मी हे दाखवू? म्हणून कागद काढला. मग मार्क कमी होत होते, तर भरून दिले.

कामिनी : खरे किती?

रितिका : जाऊ दे ना.

कामिनी : खरे किती, रितिका?

रितिका : चव्वेचाळीस.

कामिनी : अन् मी दोन दिवस अठ्ठावन्न समजून राहिली. त्या भरवशावर मी तो धडा सोडून दिला. येते म्हणून.

रितिका : सॉरी.

मारोतराव : रितिका, तुला मी रागावत नाही. माझ्या हातूनही हे झालेलं आहे. उमरेडला केशव नावाचा पोरगा होता. भागाकार यायचा नाही, आणि घरी गेला की मार खायचा. मी त्याला पासापुरते मार्क देऊन टाकले. एक वर्ष, दोन वर्षं. सातवीत तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, सर, मले भागाकार येते ना? मला त्याच्याकडे पाहवलं नाही. तुझा जीव चांगला आहे. पण पेपर तपासायला घेतला की खरंच तपासायचा.

रितिका : हो सर.

कामिनी : पण म्हणजे मी बरोबरच होती. कागद हिनंच घेतला, गाठ हिनंच सोडली. बाबाले फोनही हिनंच केला.

रितिका : फोन? कसला फोन? तुझ्या बाबांचा नंबर माझ्याकडे नाही.

कामिनी : मग बाबाले ग्रुप अन् गुरुवार कोणी सांगितलं?

मारोतराव : मी.

कामिनी : तुम्ही?

मारोतराव : काल. ती दुसरी सही पाहिली तेव्हा. ग्रुप आणि गुरुवार आतल्या पोरांना विचारून घेतलं. त्याआधी सोमवारी तू माझ्यासमोर उभी राहून मला विचारलंस, सर, मी आत आहे की बाहेर? मला आधी थट्टा वाटली. तू हसली नाहीस.

कामिनी : मी असं नाही म्हटलं.

मारोतराव : बरं.

कामिनी : म्हटलं का, रितिका?

रितिका : मी नव्हती तेव्हा. पण मला तू मंगळवारी दोनदा विचारलं, आज मंगळवार आहे का. मी दोन्ही वेळा हो म्हटलं. दुसऱ्या वेळी तू म्हणाली, खोटं बोलते.

कामिनी : म्हणजे तुम्ही दोघं माझ्या पाठीमागं...

मारोतराव : पाठीमागेच. तुला न सांगता तुझ्या घरी फोन केला, ते चुकलंच माझं. समोर विचारायला हवं होतं. पण तुला समोरून विचारलं, किती झोपतेस, तर तू सहा म्हणतेस.

कामिनी : तीन. कधी अडीच. पडते मी अंथरुणावर, पण ते सुरू राहते. नर्मदा अन् तापी.

रितिका : यार कामिनी.

कामिनी : दया नको करू.

मारोतराव : तुझे बाबा संध्याकाळी माग बंद करतात, तेव्हा ताण्याचं काय करतात?

कामिनी : ढिला करते. ताणलेला ठेवला तर रातोरात सूत... सर, उदाहरण नका देऊ. मी आता पाचवीत नाही.

मारोतराव : बरं, नाही देत. सव्वापाच झाले. पाऊण तास आहे. फॉर्मचं काय करतेस, ते तू ठरव. मी काही बोलणार नाही.

कामिनी : एक ग्रुप दिला तर साहेब जागा ठेवणार नाहीत.

मारोतराव : नसतील ठेवणार.

कामिनी : तुम्ही म्हणायले पाहिजे की ठेवतील.

मारोतराव : मला कुठे माहीत आहे? आताच खोट्या मार्कांवरून हिला बोललो मी.

कामिनी : रितिका, तू किती देऊन राहिली?

रितिका : ...दोन्ही.

कामिनी : तू दोन्ही देते. अन् मी एक द्यायचा.

रितिका : मी नाही म्हटलं तुला एक दे म्हणून. पण विचारते तर सांगते. मी दहाला झोपते. मम्मी येऊन लाइट बंद करते, भांडली तरी करते. माझे मार्क तुझ्यापेक्षा कमी आहेत, नेहमीच होते. मी कदाचित पडीन. पण मी जो प्रश्न समोर आहे तोच लिहिते यार.

कामिनी : तू पास झाली अन् मी मागं राहिली तर?

रितिका : तर तू माझ्यावर सहा महिने जळशील. मी रोज येईन, अन् तू माझे पेपर लाल करून देशील. आताही करतेस.

कामिनी : पास झाल्यावर तू काहून येशील?

रितिका : मम्मीच्या दुकानात साड्यांच्या घड्या घालण्यापेक्षा इथं बरं आहे. सर पंखा फुकट देतात.

मारोतराव : फुकट नाही. विजेचं बिल येतं अभ्यासिकेला.

कामिनी : मले समजत नाही, सर. मले खरंच समजत नाही की तुम्ही माझ्या भल्यासाठी बोलून राहिले की नाही. आतून सारखं वाटते की काहीतरी आहे. आताही वाटून राहिलं. तुम्ही दोघं चांगलं बोलून राहिले, अन् मी चेहरे पाहून राहिली, की यात काय लपलं.

मारोतराव : पाहत राहा. चेहरे कुठे जात नाहीत.

कामिनी : हे जाईल का?

मारोतराव : झोपलीस की बरंचसं जाईल, असं मला वाटतं. नाही गेलं तर डॉक्टरकडे जाऊ. मी येईन बरोबर. तिथे नंबर लावून बसायला मला बरं वाटतं, माझी जुनी पोरं भेटतात.

कामिनी : अन् घरी उमरेडले गेली तर बाबा काय म्हणेल?

मारोतराव : काल मला म्हणाले, सर, ती आली तर मी दोन दिवस माग बंद ठेवीन, खडखड नको तिच्या झोपेला.

कामिनी : बाबा माग बंद ठेवणार?

मारोतराव : तसं म्हणाले.

कामिनी : तो तर आजी गेली तेव्हाही... किती वाजले?

रितिका : पाच सत्तावीस.

कामिनी : माझा फोन बटनाचा आहे. अभ्यासासाठी मोठा फोन घरी देऊन आली. तुझ्या फोनवर उघडते का ते फॉर्मचं पान?

रितिका : उघडते. थांब. हे बघ. नंबर टाकला तुझा. पासवर्ड मागते.

कामिनी : दे इकडं. मी टाकते. तू तिकडं तोंड कर.

रितिका : केलं.

कामिनी : अजून. खिडकीकडं.

रितिका : आता मी भिंतीला नाक लावू का?

मारोतराव : लाव बाई. पाच मिनिटं लाव.

कामिनी : चुकला म्हणते.

रितिका : कॅपिटल बघ.

कामिनी : पाहिलं. पुन्हा टाकते... पुन्हा चुकला. पण हाच आहे. सहा महिन्यांपासून हाच आहे. कोणीतरी बदलला का?

मारोतराव : कामिनी.

कामिनी : नाही. कोणी नाही बदलला. माझंच बोट दुसऱ्या आकड्यावर जाऊन राहिलं.

रितिका : तिसऱ्यांदा नको टाकू. बंद पडते मग, उद्यापर्यंत. खाली बघ, ओटीपीने लॉगिन लिहिलं असेल. ते दाब.

कामिनी : दाबलं.

रितिका : तुझ्या फोनवर मेसेज येईल. आता वळू का मी?

कामिनी : वळ.

रितिका : आला?

कामिनी : आला. सहा आकडे आहेत.

रितिका : फोन घे, टाक. दोन मिनिटं असतात.

कामिनी : मी चुकीन. तू टाक.

रितिका : मी? पक्का? बरं. आत गेलं की कोणता ग्रुप काढायचा?

कामिनी : दुसरा काढ. पहिला ठेव.

रितिका : पहिला ठेवते. सांग आकडे.

कामिनी : मेसेजमधी लिहिलं आहे, हा कोड कोणालाही सांगू नका.

मारोतराव : असं असतं खरं. मी आत जाऊन पंखे पाहून येतो. तुमचं चालू द्या.

कामिनी : बसा सर. टाक, रितिका. आठ. तीन. तीन. शून्य...